मागचं डिफरन्शियल स्वस्तात लॉक कसं करावं? (जुनी जीप, बेताचं बजेट)

रुतलेला
मंडळी, नमस्कार. माझ्याकडे महिंद्राची जुनी जीप, एमएम५४० आहे, फोर बाय फोर, कागदपत्रं चालू. रोजच्या वापरात नाही. पावसाळ्यात मावळातल्या शेतावर जायला आणि अधूनमधून दोस्तांबरोबर चिखल तुडवायला ठेवलीय. शेताच्या वाटेवर ओढा आहे आणि पलीकडच्या चढावर तिरक्या चाकोऱ्या पडल्यात. तिथे दरवेळी एकच नाटक. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हलकं होतं आणि तेवढी दोनच गरगर फिरतात. उरलेल्या दोघांच्या खाली चांगला मुरूम आहे, पण ती ढिम्म. डिफरन्शियल (डिफ) एका ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं त्याचा हा परिणाम; ते लॉक केलं की दोन्ही बरोबरच फिरतात.

एअर लॉकरची (हवेच्या दाबाने डिफ लॉक करणारं यंत्र) चौकशी केली. कॉम्प्रेसर, वायरिंग धरून आकडा लाखाच्या पुढे जातोय. एवढ्यात माझी जीप अर्धी येईल. तर प्रश्न असा: निदान मागचं डिफ तरी स्वस्तात लॉक करायचे कोणते उपाय तुम्ही स्वतः केलेत किंवा जवळून पाहिलेत? ऐकीव नकोत. 'थार घे' हा सल्ला घरून मिळून झालाय.

पाना१०_११
वेल्ड मारा आणि विसरा. डिफमधले छोटे स्पायडर गिअर चाकांकडच्या साइड गिअरला जोडून टाकायचे, काम संपलं. अमेरिकेत याला 'लिंकन लॉकर' म्हणतात, लिंकनच्या वेल्डिंग मशीनवरून. याहून स्वस्त लॉकर जगात नाही.

नुसताच_वाचक
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तेलकट_हात
पाना१०_११, मारा आणि विसरा यातलं 'विसरा' तेवढं जमत नाही. माझं गॅरेज आहे. वेल्ड मारलेली डिफ माझ्याकडे येतात ती तुटल्यावरच.

स्पायडर आणि साइड गिअर वरून कडक केलेल्या पोलादाचे असतात. त्यात वर्षानुवर्षं गिअर ऑइल मुरलेलं. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेलं की तो ग्रिल-दरवाजाला लावतो तीच रॉड घेतो आणि थंड गिअरवर दोन टाके मारून देतो. वेल्ड वरून छान दिसते, पण तिच्या शेजारचं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. पुढे चढावर क्लच सोडताना एक दिवस टाका उडतो आणि तो तुकडा क्राउन-पिनियनमध्ये (डिफच्या मुख्य गिअरजोडीत) जातो. मग वाचवलेले पैसे व्याजासकट परत.

करायचंच असेल तर डिफ बाहेर काढा. क्राउन उतरवा, बेअरिंगं उतरवा. वेल्डिंगची अर्थिंग बेअरिंगमधून गेली तर रोलरवर डाग पडतात आणि ते नंतर घुंघुं करतं. सगळं डिझेलने धुऊन मग तापवा, धूर यायचा थांबेपर्यंत. तापलेलं असतानाच ७०१८ ची कोरडी रॉड वापरा, स्पायडरच्या दातांमधल्या खाचा पूर्ण भरा, टाके नकोत. झाल्यावर कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर ठेवा, हळूहळू गार होऊ दे. पाणी मारणाऱ्याला गॅरेजबाहेर काढा.

एवढं केलंत तर टिकतं. पण मग ती गाडी रस्त्याची राहत नाही. ट्रेलरवर टाकून नेणाऱ्यांनी ही चैन करावी.

रुतलेला
तेलकट_हात, सविस्तर लिहिलंत, आभार. रस्त्याची राहत नाही म्हणजे नेमकं काय होतं? माझ्या घरापासून शेतापर्यंत निम्म्याहून जास्त डांबर आहे.

घाटवळण
मी सांगतो, हिशेब सोपा आहे. तुमच्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर १.३ मीटर धरू. गाडी पूर्ण उलट वळली (१८० अंश) की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा पाय (π) गुणिले १.३, म्हणजे चार मीटरच्या वर जास्त चालतं. वळण मोठं असो की लहान, आकडा तोच. उघडं, म्हणजे लॉक नसलेलं डिफ हा फरक मुकाट्याने पोटात घालतं. वेल्ड केलेल्या डिफमध्ये तो कुणीतरी घसटून भरून काढायला लागतो. म्हणजे प्रत्येक हेअरपिनला चार मीटर टायर घासणार नाहीतर ॲक्सल शाफ्टला पीळ पडणार.

चिखलात टायर हसत हसत घसरतो. कोरड्या डांबरावर तो ओरडतो आणि गाडी सरळ जायचा हट्ट धरते. ओल्या डांबरावर तर कधी सरळ जाईल आणि कधी मागून फिरेल याचा नेम नाही. जुलैत वरंध घाटात हे करून बघायची माझी इच्छा नाही.

पाना१०_११
घाटवळण, एवढंही काही नाही हो. हळू चालवायची. आमच्या ग्रुपमध्ये एक वेल्डवाली जिप्सी आहे, वर्षानुवर्षं चालतेय.

घाटवळण
ट्रेलरवर येते की चालत?

पाना१०_११
ट्रेलरवर. :)

नुसताच_वाचक
=)) =))

सरळमार्गी
रसभंगाबद्दल माफी, पण कुणीतरी लिहायलाच हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत असलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ही बाब आणखी घट्ट केली. डिफच्या आत काय आहे हे आरटीओवाला वाकून बघणार नाही, हे मलाही कळतं. पण अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरने मागचं चाक उचलून हाताने फिरवून पाहिलं, तर पुढचं तुमचं तुम्ही बघा.

मेलबर्नचा_मामा
इकडे ऑस्ट्रेलियात हा विषय म्हणजे चहाच्या टपरीवरच्या राजकारणासारखा, प्रत्येकाला मत असतंच. एअर लॉकर बनवणारी एआरबी आमच्या गावचीच, पण तो खर्च तुम्ही आधीच बाद केलाय, म्हणून मधला पर्याय सांगतो: लंचबॉक्स लॉकर.

यात डिफची केस, क्राउन, पिनियन काहीच बदलत नाही. फक्त स्पायडर आणि साइड गिअर काढायचे आणि त्या जागी दातेरी कपलरची जोडी, पिना आणि स्प्रिंगा बसवायच्या. क्राउनचं सेटिंग हलत नसल्याने हुशार मिस्त्री दिवसाभरात बसवतो. हा मुळात लॉकच असतो. वळणावर बाहेरचं चाक पुढे धावायला लागलं की त्या बाजूचे दाते सुटतात आणि कटकट कटकट आवाज येतो. सरळ झालात की पुन्हा धरतो.

खोड एकच: वळणात ॲक्सिलरेटर दाबलेला असेल तर सगळी ताकद आतल्या चाकाला जाते, आणि मध्येच पाय उचलला तर गाडी अंगात आल्यासारखी बाजूला हिसका देते. लांब गाडीत तो जाणवत नाही. तुमच्या जीपसारख्या आखूड व्हीलबेसमध्ये चांगलाच जाणवतो. सवय होईपर्यंत सासूबाईंना बसवू नका.

अमेरिकेत साधारण तीन-चारशे डॉलरला मिळतात. वर पाठवणावळ आणि कस्टम.

तेलकट_हात
मामांच्या प्रतिसादात एक पुरवणी. महिंद्राच्या मागच्या ॲक्सलला लोक सरसकट 'डाना ४४' म्हणतात आणि त्या नावाने बाहेरून मागवतात. ऑर्डर द्यायच्या आधी ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढा आणि स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे दात) मोजा, हाताने, खडूने खूण करून. घराणं एक असलं तरी दात एक असतीलच असं नाही. आणि लंचबॉक्स बसवताना क्रॉस पिन (जिच्यावर स्पायडर फिरतात ती) घासलेली असेल तर ती आधी बदला, नाहीतर नवा लॉकर जुन्या पिनवर नाचत राहील.

काळंरान
सगळे लॉक लॉक करताय म्हणून विदर्भातून विरोधी सूर. आमच्या काळ्या रानात पाऊस झाल्यावर माती टायरच्या खाचांत अशी भरते की टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. अशा वेळी डिफ लॉक असलेली गाडी काय करते? एका चाकाऐवजी दोन चाकांनी खड्डा खणते आणि ॲक्सल टेकवून बसते. जवळच्याची गुरखा (तिला कंपनीतूनच पुढे-मागे दोन्ही लॉक येतात) लॉक लावून सरळ पोटावर बसलेली मी स्वतः ओढून काढलीय.

लॉक तिथे कामाचा जिथे एका चाकाला पकड आहे आणि दुसऱ्याला नाही. रुतलेला, तुमची तिरक्या चाकोऱ्यांची जागा बरोबर तशी आहे, म्हणून तुम्हाला उपयोग होईल. पण वाचणाऱ्या बाकीच्यांनी 'लॉक टाकला की निघालीच' असं समजू नये.

आणि सर्वात स्वस्त उपाय अजून कुणी लिहिला नाही: हवा सोडा. रस्त्यावर २८-३० पीएसआय असेल तर चिखलात १५-१८ वर आणा. टायर पसरतो, चाकोरीच्या कडेला धरतो. फुकट. फक्त परतीला हवा भरायचा पंप जवळ ठेवा.

घाटवळण
काळंरान +१. आधी हवा, मग टायर, मग लॉकर. लोक उलट्या क्रमाने खर्च करतात.

रुतलेला
हवा १८ वर आणून पाहिलीय. फरक पडतो, पण पुढचं चाक खालच्या खड्ड्यात उतरलं की मागचं उजवं जवळजवळ अधांतरी होतं. तिथे हवेचा इलाज चालत नाही. एकाने सांगितलं, हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून ॲक्सिलरेटर दे, फिरणारं चाक अडकतं आणि ताकद दुसऱ्याला जाते. कुणी केलंय का?

पाना१०_११
मी करतो. चालतं.

कावेरी_एम
इथे मला वाद घालायचाय. :) शिक्षणाने मेकॅनिकल, पोटासाठी दुसरंच काही करते, पण हे डोक्यातून जात नाही.

उघडं डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. अधांतरी चाक फिरवायला जवळजवळ काहीच लागत नाही, म्हणून दुसऱ्यालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. आता हँडब्रेक ओढला. फिरणाऱ्या चाकावर अडसर आला, म्हणून दोन्हीकडचा टॉर्क तेवढा वाढला. बरोबर. पण हँडब्रेक दोन्ही ड्रमवर लागतो! जमिनीवरच्या चाकाला जेवढा जादा टॉर्क मिळाला तेवढाच त्याच्या स्वतःच्या ब्रेकने खाल्ला. हातात काय उरलं? डिफच्या गिअरमधल्या घर्षणामुळे थांबलेल्या बाजूला जो थोडा जास्त टॉर्क जातो तेवढाच. म्हणजे फायदा आहे, पण चिमूटभर.

पाना१०_११
पण माझी गाडी निघते ना ताई. कागदावर निघत नसेल.

कावेरी_एम
निघतेच, मी नाही म्हणत नाही. चिमूटभर पुरतं तिथे निघते. शिवाय बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन्ही ड्रमचे लायनर सारखे धरत नाहीत. तुमचा नेमका हलक्या बाजूचा ब्रेक जास्त धरत असेल तर नशीब तुमचं. दुसऱ्या बाजूला रुतून बघा एकदा.

पाना१०_११
दुसऱ्या बाजूला रुतलो की मी दोस्ताला बोलावतो. (आत्ता डोक्यात प्रकाश पडतोय.)

तेलकट_हात
कावेरीताई, दंडवत. गॅरेजमध्ये हे लोकांना समजावून थकलो, पण असं सांगायला जमलं नव्हतं. रुतलेला, आधी हेही बघा की तुमचा हँडब्रेक लागतो कुठे. विलिजच्या घराण्यातल्या जुन्या जीपांत तो ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, तिथून डिफकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवरच्या एका ड्रमला असतो. तो डिफच्या आधीच धरतो. अशा गाडीत ही युक्ती म्हणजे चिमूटभरही नाही, शून्य.

भातखाचर
मोबाईलवरून टंकतोय, चुका पोटात घाला. आमच्याकडे कोकणात चिखलणीला ट्रॅक्टर उतरतो तेव्हा हे सगळं रोजचंच. ट्रॅक्टरला दोन सोयी असतात. एक, टाचेखाली डिफ लॉकचा पेडल. दाबला की लॉक, सोडला की सुटतो. तो दाबून वळायचं नाही हे पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात. दुसरी, ब्रेकचे पेडलच दोन, डाव्या चाकाला वेगळा, उजव्याला वेगळा. रस्त्यावर दोन्ही पेडल पट्टीने एकमेकांना जोडून ठेवतात, शेतात पट्टी काढतात. एक चाक गरगरायला लागलं की त्याच बाजूचा ब्रेक हलकेच दाबायचा, दुसरं चाक ओढतं. बांधाशी वळतानाही तोच ब्रेक.

तर तुम्ही जीपला तेच का करत नाही? हँडब्रेकची एक केबल आहे तिथे दोन लिव्हर, दोन केबल. भंगारात लिव्हर किलोवर मिळतो.

कावेरी_एम
भातखाचर, टाळ्या! हेच लिहिणार होते. ब्रेक एकाच बाजूला लागला की माझा वरचा सगळा आक्षेप गळून पडतो. फिरणाऱ्या चाकावर जेवढा ब्रेक, तेवढा टॉर्क दुसऱ्याला निव्वळ नफा. नव्या गाड्यांत ब्रेक-लॉकिंग डिफ म्हणून जे येतं (जिम्नीत आहे, थारच्या काही व्हेरियंटमध्ये आहे) ते हेच करतं, फक्त सेन्सर आणि एबीएसच्या पंपाने. तुमच्या जीपमध्ये सेन्सर म्हणजे तुमची नजर आणि पंप म्हणजे तुमचा दंड.

मेलबर्नचा_मामा
इकडे बग्गीवाले हेच लावतात, 'कटिंग ब्रेक' म्हणतात. हायड्रॉलिक असतं, पण तत्त्व एकच. एक सावधगिरी: इंजिनची ताकद ड्रमशी भांडत असते, ड्रम पटकन तापतो. दोन-चार सेकंद ओढा, निघालात की सोडा. लायनर जळल्याचा वास आला की समजा उशीर झाला.

सरळमार्गी
आणि पार्किंगला दोन्ही लिव्हर ओढायची सवय लागेपर्यंत चाकाखाली दगड ठेवा. भातखाचर यांनी सांगितलेली जोडपट्टी इथेही हवी. रस्त्यावर वेगात चुकून एकच ओढला तर गाडी गोल फिरेल.

काळंरान
अवांतर: हे सगळं बांधून झाल्यावर कृपया किनाऱ्यावर नेऊ नका. दर सुट्टीत कुणाची तरी गाडी भरतीच्या पाण्यात बसल्याचा व्हिडिओ येतो आणि ओढायला शेवटी ट्रॅक्टरच येतो. गडांच्या पायथ्याचे आणि सड्यांवरचे फुलांचे पट्टेही सोडा. चिखल शेतात भरपूर आहे.

भातखाचर
ट्रॅक्टर येतो आणि भावही ट्रॅक्टरवालाच ठरवतो. भरती जसजशी चढते तसतसा भावही चढतो. ;)

रुतलेला
वा, धाग्याचं सार्थक झालं. तेलकट_हात, खाली शिरून पाहिलं. माझ्या गाडीत हँडब्रेकची केबल मागच्या ड्रमलाच जाते. आधीच्या मालकाला फोन केला तर म्हणाला, मागचा ॲक्सल त्याने कधीतरी बदललाय, कुठल्या गाडीचा ते त्यालाही आठवत नाही. जुन्या बाजारातून आणला होता म्हणे. आता धास्ती वेगळीच लागलीय.

तेलकट_हात
धास्ती रास्त आहे. पुढच्या आणि मागच्या डिफचा रेशो (चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे) एक नसेल तर फोर व्हील ड्राइव्ह टाकताच दोघं एकमेकांशी कुस्ती खेळतात. चिखलात कळत नाही, कठीण जमिनीवर ट्रान्स्फर केस मरते. लॉकरच्या आधी हे तपासा. मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, खाली घोडी (स्टँड), पुढच्या चाकांना दगड. गिअर न्यूट्रल, ट्रान्स्फर केसही न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरला ते खडूच्या खुणेवर मोजा. तो आकडा म्हणजे रेशो. मग पुढे तसंच. पुढच्या चाकांना लॉकिंग हब असतील तर ते लॉक करून.

घाटवळण
एक फेरा नाही, दोन का, असं कुणी विचारायच्या आधी: एक चाक थांबलेलं असताना डिफची केस दुसऱ्याच्या निम्म्या वेगाने फिरते.

पाना१०_११
आणि बदललेला ॲक्सल थार सीआरडीईचा निघाला तर लॉटरी! २०१५ च्या फेसलिफ्टनंतर त्यात मागे ईटनचं मेकॅनिकल लॉकिंग डिफ (एमएलडी) येत होतं.

मेलबर्नचा_मामा
लॉटरीचं तिकीट तपासायची पद्धत: दोन्ही मागची चाकं उचला, एक फिरवा. दुसरं उलट दिशेला फिरलं तर उघडं. त्याच दिशेला फिरलं तर लॉक किंवा एलएसडी (अर्धवट लॉक होणारं डिफ). पण एमएलडी हाताने फिरवलं तर उघड्यासारखंच वागतं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतला गव्हर्नर उघडतो आणि क्लच प्लेटा आवळून लॉक करतो. तेव्हा खात्री करायची तर मागचं झाकण उघडूनच.

तेलकट_हात
कृपा करून एक चाक जॅकवर ठेवून इंजिनवर फिरवून बघायला जाऊ नका. एमएलडी असेल तर ते लॉक होईल आणि जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून भिंतीत नेईल. झाकणच उघडा. नाहीतरी तेल बदलायला झालंच असेल.

रुतलेला
अपडेट. रेशो पुढे-मागे सारखा निघाला, जीव भांड्यात पडला. दोन्ही चाकं उचलून फिरवली, उलट दिशेला गेली. मग झाकण उघडलं. तेल काळं कुळकुळीत, तळाच्या मॅग्नेटला बारीक चुरा, मोठा तुकडा नाही. आत साधे दोन स्पायडर, गव्हर्नरबिव्हर काही नाही. लॉटरी लागली नाही.

क्रॉस पिनवर नखाला लागेल एवढी खाच पडलीय. म्हणजे लंचबॉक्स मागवला असता तरी आधी तीच बदलायला लागली असती. पिन आणि वॉशर सांगितलेत. दोन लिव्हरचा प्रयोग करणार हे नक्की. प्रश्न एवढाच की लिव्हर ठेवू कुठे? दोन्ही सीटच्या मध्ये ट्रान्स्फर केसच्या दोन दांड्या आधीच आहेत.

भातखाचर
एकावर एक नको, शेजारी शेजारी, थोडे मागे. डावा लिव्हर डाव्या चाकाला, उजवा उजव्याला. गडबडीत डोकं चालत नाही, हात चालतो. दांड्यांना लाल-निळी टेप गुंडाळा.

कावेरी_एम
आणि दोन्ही केबलला वेगवेगळा ॲडजस्टर ठेवा. मूळची वाय जोडणी काढल्यावर दोन्ही बाजूंचा ताण आपोआप सारखा होत नाही. लायनर घासत जातील तसं दर पावसाळ्याआधी दोन्ही लिव्हर किती दात्यांवर धरतात ते सारखं करून घ्या.

पाना१०_११
लिव्हर मी देतो. माझ्याकडे ओम्नीचे दोन पडलेत. बदल्यात ओढ्यावर मला बोलवायचं, आणि मी माझ्या वाईट बाजूनेच उतरणार. कावेरीताईंचं म्हणणं खरं की खोटं ते तिथेच बघू.

कावेरी_एम
मंजूर. दोरखंड मी आणते.

नुसताच_वाचक
माझ्या जिप्सीला हे जमेल का? (पहिल्यांदाच प्रश्न विचारतोय, सांभाळून घ्या.)

तेलकट_हात
जिप्सीत आधी खाली शिरून बघा हँडब्रेकची केबल कुठे जाते. मग नवा धागा काढा, तिथे येतो.